मोठा स्मॉलमाउथ बास हातचा का जातो? नदीत आणि तलावात या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात राहणाऱ्या हौशी मासेमाराला बारा-तेरा इंचांचा स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडणे फारसे अवघड जात नाही. उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी ह्युरॉन नदीच्या खडकाळ पात्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून रबरी आमिष टाकत गेले, तर अंधार पडेपर्यंत असे चार-पाच मासे लागून जातात. अडचण त्याच्या पुढे आहे. वीस इंचांच्या वरचा, म्हणजे इथले लोक ज्याला ‘ट्रॉफी’ म्हणतात तो मासा त्याच माणसाला वर्षानुवर्षे लागत नाही आणि तो नशिबाला बोल लावतो. माझ्या मते यात नशिबापेक्षा लहान माशांनी लावलेल्या सवयींचा हात मोठा आहे. लहान मासा उतावळा असतो. भलत्या जागी, भलत्या वेगाने आणि जाड दोरीवर आलेले आमिषही तो घेतो, आणि आपले सगळे बरोबर चालले आहे असा आपला समज होतो. उत्तरेकडच्या थंड पाण्यात वीस इंचांपर्यंत वाढायला या माशाला अनेकदा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि इतकी वर्षे तगलेला मासा असले काही खपवून घेत नाही.

लहान मासे लागतात म्हणून तिथेच थांबणे

ही चूक सर्वांत मोठी आहे आणि सुटायला सर्वांत कठीण, कारण मासे लागत असताना जागा सोडायला मन होत नाही. तलावातले स्मॉलमाउथ बहुधा आपल्याएवढ्याच माशांच्या टोळीत फिरतात. एका जागी लागोपाठ चार मासे बारा इंचांचे निघाले, तर पाचवा वीस इंचांचा निघण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो. नांगर उचलून पुढे जावे.

पुढे कुठे जायचे, हे पाण्याच्या तापमानावरून ठरवावे, तारखेवरून नव्हे. साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १५-१६ अंश सेल्सिअसच्या सुमारास हा मासा उथळ, खडीच्या तळावर अंडी घालतो, आणि त्याआधीचे काही आठवडे मोठे मासे त्या उथळ जागांच्या लगतच्या उतारावर जमलेले असतात. मे महिन्यात डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवरात किनाऱ्याजवळ मिळालेल्या यशाच्या भरवशावर जुलैमध्येही लोक धक्क्यांच्या खांबांशीच गळ टाकत बसतात, आणि तेव्हा तिथे उरलेली असतात ती पोरेटोरे. मोठे मासे तोवर सरोवराच्या मध्याकडे, पाणवनस्पतींच्या पट्ट्यांच्या कडेला आणि खडकांच्या तुरळक ढिगांवर सरकलेले असतात. सेंट क्लेअर मुळातच उथळ आहे. जहाजांसाठी खोदलेला मार्ग सोडला, तर त्याची खोली एकवीस फुटांच्या आसपास संपते. तिथले ‘खोल’ म्हणजे पंधरा-अठरा फूट, तर ईरी सरोवरात उन्हाळ्यातला मोठा मासा तीस फुटांखालच्या खडकांवर शोधावा लागतो. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा साधा तापमापक पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या महागड्या सोनार यंत्राच्याही आधी विकत घ्यावा, असे मी नवख्यांना सांगतो. (सेंट क्लेअरच्या मधून अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा जाते. पलीकडच्या पाण्यात गळ टाकायचा असेल, तर मिशिगनचा परवाना चालत नाही, ओंटारियोचा लागतो. माशांच्या मागे जाताना हे भान सुटू देऊ नये.)

नदीवर हीच चूक ऑक्टोबरमध्ये होते. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की मासे उन्हाळ्यातला खळाळ सोडून संथ, खोल डोहांत हिवाळा काढायला निघतात, आणि त्यासाठी काही मासे कित्येक मैल प्रवास करतात. ऑगस्टमध्ये ज्या खडकामागे हमखास मासा असे, तो खडक आता रिकामा असतो; तिथे दिवस घालवण्यापेक्षा खालच्या अंगाचा सर्वांत खोल डोह गाठावा.

धारेच्या उलट आमिष ओढणे

नदीतला मासा तोंड धारेकडे करून उभा असतो आणि वरून वाहत येणाऱ्या खाण्याची वाट पाहतो. क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेला झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला जीव, किंवा जखमी छोटा मासा जोरदार प्रवाहाविरुद्ध सरळ रेषेत पोहत जाताना त्याने कधी पाहिलेला नसतो. तरीही खालच्या अंगाला गळ टाकून तो वर ओढत आणण्याची सवय पुष्कळांना असते, कारण तसे केल्याने दोरी ताणलेली राहते आणि ओढ चटकन कळते. त्यापेक्षा वरच्या अंगाला तिरका फेक करावा, आमिष तळाला अधूनमधून टेकत धारेबरोबर खाली येऊ द्यावे आणि फक्त सैल पडणारी दोरी गुंडाळत राहावे. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासते, ती पृष्ठभागावर फेसाच्या रेघेने ओळखू येणारी शीव सर्वांत महत्त्वाची. मोठ्या शिळेच्या मागे तर सगळेच टाकतात. तिच्या पुढ्यातही, पाणी आपटून मंदावते तिथे, एक आरामशीर जागा असते.

तळ न कळणे

ईरीसारख्या उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांत मोठ्या स्मॉलमाउथचा विचार आज राउंड गोबीला वगळून करता येत नाही. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला हा बोटभर मासा जहाजांनी तोल सांभाळण्यासाठी भरून आणलेल्या पाण्यातून इकडे आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा आढळला. आपल्याकडच्या निवट्यांच्या दूरच्या नात्यातला हा जीव उपद्रवी खरा, पण स्मॉलमाउथला तो बारमाही पंगत ठरला आणि मासे दिसामासी जाड होत गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवरात, ओंटारियोच्या हद्दीत, दहा पौंडांहून अधिक वजनाचा स्मॉलमाउथ निघाला. महासरोवरांतून एवढा मासा निघाल्याची त्याआधी नोंद नव्हती. (जागतिक विक्रम मात्र अजूनही टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावातल्या, १९५५ साली पकडलेल्या ११ पौंड १५ औंसांच्या माशाचा आहे.)

गोबीला वायुपिशवी नसते, म्हणून तो पाण्यात अधांतरी तरंगत राहू शकत नाही. तळावर बसतो, उडी मारल्यासारखा हातभर सरकतो आणि पुन्हा बसतो. त्यामुळे त्याच्या सोंगाचे आमिष तळापासून दोन फुटांवरून पोहत गेले, तर मोठ्या माशाला ते खोटे वाटते. ‘दिवसभर एकही ओढ नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो की आमिष तळाला टेकलेले तुम्हाला कळत होते का. आमिषाला जोडलेले शिसे तळाला लागते त्या क्षणी उतरती दोरी एकदम सैल पडते आणि खडक असेल, तर दांडीच्या मुठीत बारीकशी ‘टक्’ जाणवते. ती जाणवत नसेल, तर वाऱ्याने दोरीला फुगा आणला आहे किंवा वजन कमी पडते आहे. दहा फूट संथ पाण्यात पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम पुरते. वारा असेल किंवा पाणी पंधरा फुटांवर गेले, तर दहा ग्रॅमकडे जावे. उलट दर दुसऱ्या फेकीला आमिष खडकात अडकत असेल, तर वजन कमी करावे. जिवंत गोबी लावण्याचा मोह मात्र धरू नये. मिशिगनमध्ये आणि ओंटारियोत तो जिवंत बाळगणेसुद्धा बेकायदा आहे.

थंड पाण्यात आणखी एक चूक भर घालते, ती घाईची. पाणी सात अंश सेल्सिअसच्या आसपास असताना जर्कबेट, म्हणजे झटके देऊन थांबवायचे माशाच्या आकाराचे आमिष, दहा-पंधरा सेकंद निश्चल ठेवावे लागते. दहा सेकंद वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात, म्हणून मनात आकडे मोजावेत.

लागलेला मासा सुटणे

कोकणात खाडीच्या कडेला गरी टाकून वाढलेल्या माणसाचा हात ओढ लागताच झटका देतो. माझाही देत असे. बारीक गळावर आणि पातळ दोरीवर असा झटका दिला, की मासा मोठा असल्यास दोरी तुटते किंवा गळ ओठ फाडून निघतो. अशा वेळी दोरी गुंडाळत वजन जाणवेपर्यंत यावे आणि दांडी एका बाजूला ठाम, पण सावकाश ओढावी.

एका जूनमध्ये माझा असाच एक मासा नावेपासून चार हातांवरून गेला. तांबूस डोळा आणि अंगावरचे पितळी पट्टे दिसले, जाळे पाण्यात उतरले, आणि नाव पाहताच मासा सरळ खाली गेला. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सुटू देणारा ब्रेक, मी लहान माशांच्या सवयीने घट्ट आवळलेला होता; एकही वेढा सुटला नाही आणि दोरी हलकी झाली. तेव्हा मी चिडून दोरीचे टोक कापून टाकणार होतो, पण त्याच टोकावर उत्तर लिहिलेले असते. टोक डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले असेल, तर गाठ सरकली आहे. म्हणजे बांधताना ती ओली न करता आवळली गेली. टोकाजवळ दोरी खरखरीत, पांढुरकी झालेली असेल, तर ती खडकावर किंवा खडकांना चिकटणाऱ्या झेब्रा शिंपल्यांच्या धारदार कडांवर घासली आहे. टोक साफ तुटलेले असेल, तर ताण सहन झाला नाही. माझे टोक साफ तुटलेले होते.

त्यानंतर मी ड्रॅग साध्या काटेवजनाने मोजून लावतो: आठ पौंडांचा ताण सोसणाऱ्या दोरीला दोन ते अडीच पौंडांवर तो सुटायला लागला पाहिजे. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये सेंट क्लेअरमध्ये आढळले तेव्हापासून पाणी गाळल्यासारखे नितळ झाले आहे, म्हणून पुढच्या सहा-आठ फुटांसाठी पाण्यात सहसा न दिसणारी फ्लुरोकार्बनची पातळ दोरी टाळता येत नाही, पण दर दोन-तीन माशांनंतर शेवटचा हातभर भाग नखातून ओढून पाहावा आणि खरखर लागली तर निःसंकोच कापावा. मासा उडी मारायला वर येतो तेव्हा दांडी उंच धरल्याने त्याला उडीसाठी मदतच होते. ती पाण्यालगत आडवी करावी.

घरट्यावरचा मासा आणि खोलातला मासा

अंडी घालून मादी निघून जाते आणि राखणीला नर उरतो. जवळ आलेल्या कशावरही तो तुटून पडतो, म्हणून त्याला पकडणे सोपे असते, पण तेवढ्या वेळात गोबी घरट्यात शिरून अंडी फस्त करतात. खडीवर साफ केलेला, परातीएवढा फिकट गोल आणि त्यावर घिरट्या घालणारा मासा दिसला, तर तो नियमात बसत असला तरी सोडून पुढे जावे. हंगामाच्या तारखा आणि पकडण्याजोगी लांबी राज्यागणिक आणि कधी सरोवरागणिक निराळी असते, त्यामुळे नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचावी लागते.

तीस फुटांखालून वर आणलेल्या माशाची चूक निराळीच असते आणि ती मासा हातात आल्यावर घडते. वर येताना पाण्याचा दाब कमी होऊन त्याची वायुपिशवी फुगते. सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, कुशीवर पडून पृष्ठभागावर तरंगतो आणि तसाच मरू शकतो. फोटोसाठी नावेतल्या टाकीत अर्धा तास ठेवणे अशा माशाला सर्वांत घातक ठरते. मोजपट्टी, चिमटा आणि कॅमेरा मासा लागण्यापूर्वीच हाताशी असावेत. हात ओले करून, एक हात पोटाखाली देऊन त्याला आडवे धरावे आणि शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावे. पिशवीला सुईने टोचून हवा काढण्याची पद्धत आहे, पण ती जाणत्याकडून शिकल्याशिवाय करू नये. त्यापेक्षा जबड्याला अलगद अडकणारा, वजन बांधलेला चिमटा लावून मासा खोलवर उतरवावा आणि तिथे झटका देऊन मोकळा करावा. एका दिवसात असे दोन-तीन मासे फुगलेले निघाले, तर त्या दिवशी ती खोली सोडून पंधरा फुटांवर यावे.