मोबाइलवर शूट केलेल्या फिल्मचा आवाज हळूहळू सरकतो : माझा अनुभव

लक्षण असं: चित्र मित्राच्या मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. टेकच्या (एका सलग शूटच्या) सुरुवातीला चित्र आणि आवाज जुळवायला वाजवलेली टाळी बरोबर जुळते, पण लांब टेकच्या शेवटी ओठ आणि शब्द वेगळे पडतात. छोट्या शॉट्समध्ये हे लक्षातच येत नाही.

आवाज ताणून पाहिला, तर प्रत्येक टेकला फरक वेगळा. एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदललं, तरी तेच. सुट्टी टाकून, पदरमोड करून आलेल्या मित्रांचे चांगले टेक वाया जाताना बघवत नव्हतं.

कारण शेवटी मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) सापडलं: 'फ्रेम रेट मोड – व्हेरिएबल', म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या फ्रेम (चित्रं) सारख्या नाहीत, कमी-जास्त होतात; म्हणून चित्र आवाजापासून सरकतं. उजेड कमी झाला की मोबाइल फ्रेम रेट खाली आणतो. रात्रीचे घरातले सीन म्हणूनच जास्त बिघडले होते.

उपाय याच क्रमाने करा. मूळ फाइल्सची कॉपी बाजूला ठेवा. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ फाइल नव्याने बनवून देणारं सॉफ्टवेअर) क्लिप उघडा. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट 30 (मोबाइलवर जो निवडला होता तोच) आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम सारखा) निवडा. क्वालिटी आरएफ 16 ते 18 (आकडा जितका कमी, तितकी क्वालिटी चांगली). ऑडिओ टॅबमध्ये सॅम्पलरेट 48 (किलोहर्ट्झ). नवीन फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर घ्या, टाइमलाइनही 30चीच ठेवा, मग टाळीवर जुळवा. आधी सगळ्यात लांब टेकवर करून शेवटचं वाक्य तपासा, मगच बाकीच्या क्लिप रांगेत लावा.

पुढच्या शूटला फ्रेम रेट लॉक करणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा: 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटही लुकलुकत नाही.