नवा साप घरी आणताय? त्याचं घर मांडताना या चुका टाळा

साप खात नाही, रात्रभर काचेवर नाक घासत फिरतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. नव्या सापाबद्दलच्या या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा सापात नसतं, त्याच्या घरात असतं. सापाचं पचन, प्रतिकारशक्ती, कात टाकणं हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर आणि ओलाव्यावर चालतं. खालचे आकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या पाळीव पैदाशीच्या सापांसाठी आहेत. जात वेगळी असेल तर आकडे बदलतील, चुका मात्र याच होतात.

साप आधी, घर नंतर

सापाची काचेची टाकी साप येण्याच्या आठवडाभर आधी मांडा आणि रिकामीच चालू ठेवा. सकाळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर तापमान लिहून ठेवा. दुपारी उत्तम वाटणारी टाकी पहाटे किती गार पडते, ते या नोंदीतूनच कळतं. साप दुसऱ्या कुणाकडून दत्तक घेत असाल तर त्याचं वजन, शेवटचं खाणं कधी आणि काय होतं, शेवटची कात कधी टाकली, एवढं विचारून घ्या.

थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आणि थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती बंद करणारं उपकरण. ते न जोडता थेट प्लगमध्ये लावलेली मॅट साप भाजेल इतकी तापू शकते. चटका बसतोय म्हणून साप लगेच बाजूला होईल, या भरवशावर राहू नका. तो तसाच पडून राहतो. पोटाचे खवले आधी गुलाबी होतात, मग फोड येतात. तापणारे कृत्रिम दगड याच कारणासाठी वापरूच नयेत.

मॅट टाकीच्या एका टोकाला, तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापेल अशी, काचेच्या बाहेरून लावा. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्का बसवा. प्रोब आत मोकळा सोडला की साप तो ढकलतो किंवा त्यावर पाणी सांडतं. मग थर्मोस्टॅटला टाकी गार वाटते आणि तो मॅट तापवतच राहतो.

तापमान मोजायचं मात्र आतून, तळाला अंथरलेला भुसा बाजूला सारून थेट काचेवर. बॉल पायथनसाठी गरम टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार टोक २५ ते २७. कॉर्न स्नेकसाठी गरम टोक २९ ते ३१, गार टोक २२ ते २५. भुशाच्या वर मोजून ‘कमी आहे’ म्हणत मॅट वाढवली, तर साप रात्री भुसा उकरून नेमका तापलेल्या काचेवर जाऊन बसतो. म्हणून मॅटच्या वर भुसा एक-दोन सेंटिमीटरच ठेवा.

मॅटने हवा फारशी तापत नाही. खोली गार असेल तर वरून सिरॅमिक हीटर लावा. त्याला जाळीचं कवच आणि स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच. रात्रीसाठी लाल किंवा निळा दिवा नको, सापाला अंधार लागतो.

एकच लपण, तीही ऐसपैस

लपायच्या जागा किमान दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, आकाराने सारख्याच. एकच असली तर सापाला ऊब की सुरक्षितता, यातलं एक निवडावं लागतं आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो. मग खाल्लेलं पचत नाही. लपण इतकी घट्ट हवी की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. मोठ्या टाकीत साप बुजतो असं म्हणतात, पण बुजतो तो मोकळ्या जागेत. पानं, फांद्या, सालींची दाटी केली की मोठी टाकीही मानवते. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला १२० × ६० × ६० सेंटिमीटर जागा द्यावी.

ओलावा आणि अंथरूण

बॉल पायथनला ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते, कॉर्न स्नेकला ४० ते ६०. काट्याचे चिकटवायचे मीटर फसवे असतात, डिजिटल घ्या. जाळीच्या झाकणातून ओलावा उडून जातो. हीटरची जागा सोडून जाळीचा बराचसा भाग बाहेरून झाका. सतत फवारणी केली की वरचा थर चिकचिकीत होतो आणि पोटाला खवल्यांचा कुजरोग होतो. त्याऐवजी मॅटपासून दूरच्या कोपऱ्यात पाणी ओता, तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो.

नारळाच्या सोडणाचा भुसा चांगला. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं श्वसनाला घातक असतात. पण दत्तक आलेल्या सापाला पहिला महिनाभर नुसत्या टिश्यू पेपरवर ठेवा. पांढऱ्या कागदावर माइट्सचे (सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किडींचे) काळे ठिपके आणि पातळ विष्ठा लगेच दिसते. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यातच बसत असेल तर पाण्याच्या तळाशी तेच ठिपके शोधा.

झाकण आणि चिकटपट्टी

जिथून डोकं जातं तिथून साप जातो. झाकणावर वजन ठेवून भागत नाही, कुलूप किंवा क्लिप हवी. वायरीचं भोकही तपासा. टाकीच्या आत चिकटपट्टी कधीच लावू नका. साप चिकटलाच तर ओढू नका. खाद्यतेल लावून सावकाश सोडवा.

घाई

पहिले सात दिवस हात लावू नका, फक्त पाणी बदला. मग अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकं भक्ष्य द्या, गोठवलेलं असेल तर पूर्ण वितळवून कोमट करून. त्यानंतर ४८ तास उचलू नका. नाकारलं तर रोज नवं आमिष दाखवू नका. आधी तापमान आणि लपणी तपासा आणि आठवड्याने पुन्हा द्या. ओकलं तर दोन आठवडे काही देऊ नका, मग आधीपेक्षा लहान भक्ष्य द्या. घरात एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, पुन्हा पुन्हा ओकणं किंवा वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर घर दुरुस्त करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा आणि तापमानाची नोंदवही सोबत न्या.