पहिल्या सामाजिक माहितीपटातल्या टाळता येण्याजोग्या चुका

नवोदितांचे कच्चे कट, म्हणजे माहितीपटाची पहिली ढोबळ जोडणी, पाहून मत देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते. विषय दर वेळी वेगळा असतो: कंत्राटी मजुरी, स्थलांतर, वृद्धांचे एकटेपण, मोबाइल ॲपच्या इशाऱ्यावर दिवसभर धावणारे डिलिव्हरी कामगार. चुका मात्र जुन्या ओळखीच्या असतात, आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ अज्ञानात नसून घाईत असते. हललेला कॅमेरा, थोडी अंधारी चौकट, जरासा सुटलेला फोकस हे सारे प्रेक्षक सोसतो. कित्येकदा त्याला ते खरेपणाचे लक्षणही वाटते. खराब ध्वनी आणि अर्धवट संमती या दोन गोष्टी मात्र संकलनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाहीत. म्हणून त्या दोहोंवर सविस्तर लिहितो आणि बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात उरकतो.

ध्वनीबाबतचे सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘नंतर काढता येईल’. ते मी स्वतः उच्चारलेले आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रियांवरील एका माहितीपटासाठी आम्ही एका बाईंची मुलाखत त्यांच्या एकखोलीच्या घरात घेत होतो. कोपऱ्यात फ्रिज होता आणि सुरुवातीला तो गप्प होता. दहा मिनिटांनी त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला. हेडफोनमध्ये घरघर स्पष्ट ऐकू येत होती. परंतु बाई नेमक्या त्याच वेळी, मालकिणीने आपल्यावर चोरीचा आळ घेतला त्या दिवसाविषयी बोलू लागल्या होत्या, आणि त्यांना थांबवण्याचे धैर्य मला झाले नाही. घरघर अखंड असती तरी निभावले असते. ती मध्येच सुरू होई, मध्येच थांबे, त्यामुळे दोन वाक्ये जोडली की सांधा ऐकू येई. सॉफ्टवेअरने ती पुसून काढली, तेव्हा बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. शेवटी आम्ही पुन्हा गेलो, फ्रिज बंद केला आणि तोच प्रश्न विचारला. त्यांनी तेच सारे त्याच क्रमाने सांगितले, पण या खेपेस त्या आम्हाला हवे ते देत होत्या. पहिल्या खेपेस त्या स्वतःशीच बोलत होत्या. माहितीपटात अखेर पहिलीच मुलाखत ठेवली आणि तिच्याआधी फ्रिजचा एक शॉट घातला, कारण आवाज कशाचा आहे हे दिसले की कान तो बऱ्याच अंशी माफ करतो. तरीही तो शॉट आजही मला डाचतो, कारण तो कथेच्या गरजेपोटी आलेला नाही.

तेव्हापासून खोलीत शिरल्यावर, कॅमेरा पिशवीतून काढण्यापूर्वी, मी एक मिनिट डोळे मिटून बसतो आणि पंखा, घड्याळ, शेजारचा टीव्ही यांची मनाशी नोंद करतो. फ्रिज बंद करायचा तो घरच्यांना विचारूनच, आणि तो बंद करताना मी स्वतःच्या घराची किल्ली त्यात ठेवतो, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करण्याचे विसरणे शक्यच होत नाही. (ही शक्कल माझी नव्हे, ध्वनिमुद्रकांमध्ये ती फार जुनी आहे.) मुलाखत संपली की सर्वांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता, म्हणजे रूम टोन, एक मिनिट मुद्रित करतो. नवोदितांना हा मिनिट फुकट गेल्यासारखा वाटतो. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

माइकच्या अंतराविषयीही तेवढीच बेफिकिरी दिसते. अंतर दुप्पट झाले की थेट आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो; त्यामुळे कॅमेऱ्यावर बसवलेल्या माइकने दोन मीटरवरून घेतलेली मुलाखत ही माणसापेक्षा खोलीचेच ध्वनिमुद्रण अधिक असते. ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे फार हळू ते फार मोठा आवाज एकत्र सामावणाऱ्या पद्धतीत, मुद्रण करणारी यंत्रे आल्यापासून ‘आता पातळी पाहायला नको’ असे सांगणारे वाढले आहेत. ते तंत्र चढलेला आवाज फाटण्यापासून वाचवते, हे खरे. घुमणारी खोली, कापडाला घासणारा लेपल (कपड्यावर टाचायचा) माइक आणि हेडफोन न लावलेला दिग्दर्शक यांच्यापासून ते वाचवत नाही.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चौकटींची संख्या, स्थिर राखणारे ॲप वापरावे, कारण अनेक फोन तो आपल्या मर्जीने बदलत राहतात आणि वेगळ्या यंत्रावर मुद्रित केलेला ध्वनी लांब मुलाखतीत ओठांपासून हळूहळू सुटत जातो. दिवे लुकलुकताना दिसले तर शटर, म्हणजे एकेका चौकटीवर प्रकाश पडण्याचा वेळ, विजेच्या वारंवारतेशी जुळवावे: ५० हर्ट्झला १/५० सेकंद, ६० हर्ट्झला १/६० सेकंद. कार्डावरील फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, ते उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. ड्रोनबद्दल एवढेच म्हणतो की गरिबी वरून सुंदर दिसते, आणि तीच त्या शॉटची अडचण आहे.

आता संमती. अनेकांची समजूत अशी असते की कागदावर सही झाली, म्हणजे विषय मिटला. कंत्राटी कामगारांवरील एका कामात एक जण, चेहरा दिसणार नाही या अटीवर, बोलायला तयार झाला. आम्ही सही घेतली, त्याला खिडकीकडे पाठ करून बसवले आणि चेहऱ्यावर अंधार राखला. काम अर्ध्यावर असताना, लोकांना उत्सुकता वाटावी म्हणून, मी चाळीस सेकंदांचा टीझर नेटवर टाकला. त्याची कोणालाही घाई नव्हती. घाई मला होती. संध्याकाळपर्यंत त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला ओळखले. प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘म्हणजे बघा’ म्हणण्याची त्याची सवय त्यांना ठाऊक होती, आणि मागच्या भिंतीवर त्याच्या मुलीचे दप्तर लटकत होते. टीझर आम्ही तासाभरात काढला, पण तोवर तो फोनाफोनी पुढे गेला होता. पुढील आठवड्यात त्याला कामावर बोलावणे आले नाही. नंतर त्याने माझा फोन उचलणे सोडले, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा मला काहीही अधिकार नाही. तो भाग माहितीपटात नाही.

ओळख लपवायची असेल तर चेहऱ्यापासून सुरुवात करून तिथेच थांबणे हा आळस आहे. आवाज, हात, चालण्याची ढब, भिंत, बोलण्याची लकब यांतून माणूस ओळखला जातो. आवाजाची पट्टी बदलली तर ती उलट फिरवून मूळ आवाजाजवळ पोहोचता येते. म्हणून मी आता तेच शब्द दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि तसे पडद्यावर स्पष्ट लिहितो. सौम्य धूसरपणापेक्षा पूर्ण काळा आकार बरा. मूळ फाइलींमध्ये स्थळाची नोंद राहते, तीही तपासावी लागते. संमती मी तीनदा घेतो: चित्रणापूर्वी, चित्रणानंतर आणि कट तयार झाल्यावर. तिसऱ्या वेळी नकार आला तर तो भाग जातो, मग तो कितीही चांगला असो.

हा प्रश्न आजचा नाही. फ्रेडरिक वाइझमन यांनी मानसिक आजार असलेल्या बंद्यांच्या संस्थेवर केलेला १९६७ मधील ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट मॅसॅच्युसेट्समध्ये बंद्यांच्या खासगीपणाच्या कारणावरून सर्वसामान्यांसाठी रोखला गेला आणि १९९१ पर्यंत ती मनाई उठली नाही. संस्थेची अब्रू झाकण्यासाठी खासगीपणाचे निमित्त पुढे केले गेले, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो मला पोकळ वाटत नाही. तरीही जो स्वतःचा नकार नीट मांडू शकत नाही त्याच्या वतीने होकार कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या आक्षेपाने सुटत नाही. याउलट ज्याँ रूश आणि एडगर मोरँ यांनी १९६० मध्ये पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या आपल्या माहितीपटात, सहभागी माणसांना त्यांचेच चित्रण दाखवले आणि त्यांची परखड मतेही माहितीपटातच ठेवली. कट दाखवायला घाबरणाऱ्या नवोदितांना मी हे उदाहरण नेहमी देतो. त्यावर ‘मग ते बदल सुचवतील’ असे उत्तर येते. सुचवू द्यावेत. मी त्यांच्या शेजारी बसतो आणि ते कुठे खुर्चीत सावरून बसतात ते पाहतो. तोंडी अभिप्रायापेक्षा मला त्यातून अधिक कळते.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत, पण काम अडवू शकतात. उदास पियानो लावून प्रेक्षकाला रडण्याची सूचना देऊ नये. दुसऱ्याचे गाणे वापरायचे तर रचना आणि ध्वनिमुद्रण या दोहोंचे हक्क वेगवेगळे घ्यावे लागतात. माहितीपट आधी यूट्यूबवर टाकून मग महोत्सवांकडे पाठवणारे अजूनही भेटतात. अनेक महोत्सव आधी सार्वजनिक झालेले काम घेत नाहीत, तेव्हा प्रवेशाचे नियम अपलोड करण्यापूर्वी वाचावेत. उपशीर्षके शेवटच्या रात्री करू नयेत. एका वेळी दोनच ओळी आणि ओळीत सुमारे ४० अक्षरे, एवढेच डोळ्याला झेपते. ती तयार झाली की माहितीपटाची भाषा न जाणणाऱ्या एकाला आवाज बंद करून सारा माहितीपट दाखवावा, आणि तो जिथे मागे जाऊन पुन्हा वाचतो तिथले उपशीर्षक छोटे करावे.