अँड्रिया ड्वॉर्किनवर लघुप्रबंध करायचाय?

एम.ए.ला अँड्रिया ड्वॉर्किन ही अमेरिकन स्त्रीवादी लेखिका घेतली म्हटलं की सोलापुरात दोनच प्रतिक्रिया येतात. नाव न ऐकलेले म्हणतात, 'शशी देशपांडे घे की, नोट्स तरी मिळतील.' नाव ऐकलेले विचारतात, 'सगळा संभोग म्हणजे बलात्कार, असं म्हणणारी तीच ना?' व्हायवाला मलाही हेच विचारलं. तिच्या 'इंटरकोर्स' या पुस्तकात (१९८७) हे वाक्य नाही, आणि १९९५च्या एका मुलाखतीत तिनं ते साफ नाकारलंय. तेव्हा तिच्याविषयी जे ऐकाल, ते तिच्या पानावर सापडल्याशिवाय सिनॉप्सिसमध्ये घालू नका.

चरित्र चार पानांत उरका. १९४६चा जन्म, न्यू जर्सीतलं कॅम्डेन, १९६५मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनात अटक, न्यूयॉर्कच्या महिला तुरुंगात तपासणीच्या नावाखाली झालेला छळ आणि त्यावर तिनं उठवलेला आवाज, अ‍ॅमस्टरडॅममधलं मारहाणीचं लग्न, १९७४चं 'वुमन हेटिंग', २००५मध्ये मृत्यू. याहून लांबवलंत तर परीक्षक म्हणणार, नवऱ्यानं मारलं म्हणून बाई चिडली. झालं, तिचा युक्तिवाद तिथंच निकालात!

खरा जीव आहे तो कायद्याच्या लढाईत. १९८३मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरासाठी तिनं आणि कायद्याच्या अभ्यासक कॅथरीन मॅकिनन यांनी मिळून पोर्नोग्राफीविरोधी कायद्याचा मसुदा लिहिला. पुष्कळ जण याला 'बंदी' म्हणून मोकळे होतात. मसुदा दिवाणी होता: ज्या बाईला इजा झाली तिनं बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर दावा लावायचा. नगरपरिषदेनं मंजुरी दिली, महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिस शहरानं १९८४मध्ये तसाच कायदा केला, तो अपील न्यायालयानं रद्द केला आणि १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. अपिलाचा निकाल मुळातून वाचाच. अशा चित्रणानं बायकांचं दुय्यमत्व टिकतं हे न्यायालय गृहीत धरतं, आणि पुढं म्हणतं, यावरून अभिव्यक्तीची ताकदच दिसते, म्हणून तिला संरक्षण! माझं अर्धं प्रकरण या एका वळणावर उभं राहिलं. विरोधात स्त्रीवादीही होत्या. असा कायदा उद्या बायकांच्याच लेखनावर उलटेल, ही त्यांची भीती. ती बाजू पातळ करून मांडू नका, तिथंच गुण जातात.

सुरुवात 'राइट-विंग विमेन'पासून (१९८३) करा. घराच्या आसऱ्यासाठी बाई आज्ञाधारकपणाचा सौदा का करते, हे वाचताना आमच्या हळदीकुंकवाच्या निम्म्या मावश्या डोळ्यांपुढं आल्या. 'पोर्नोग्राफी' (१९८१) मात्र एकत्र कुटुंबात उघड्यावर वाचता येत नाही. मी दैनिक 'संचार'च्या पानाचं कव्हर घातलं होतं. ते रात्री वाचू नका, झोप लागत नाही.

तिचा चढा सूर खटकला तर ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) काढा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्यावरून पेटून लिहिलेली. असला संताप मराठीला नवा नाही.

शेवटी 'स्थानिक संदर्भ' म्हणून विडी कामगार बायका घाला, असा सल्ला हमखास मिळेल. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीत जाऊन विचारलं नसेल, तर त्यांच्या तोंडी ड्वॉर्किन घालू नका. गेलात तर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला हात थांबवायला लावू नका. मजुरी हजार विड्यांवर असते. ती वळत राहील, तुम्ही विचारत राहा.