न्यायालयीन सुधारणांसाठी परदेशी मदत घेताय? या चुका टाळा

न्यायालयांचं काम वेगाने व्हावं म्हणून दुसऱ्या देशांचा अनुभव घेण्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो करारावर सह्या झाल्यानंतर. पाहुणे तज्ज्ञ येतात, आकडे मागतात, आणि पहिली ठेच तिथेच लागते.

105 टक्क्यांवर खूश होणं

युरोप परिषदेने (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) 2002 मध्ये न्यायदानाच्या कार्यक्षमतेसाठी सेपेज हा आयोग स्थापन केला. त्याची दोन मापं आता युरोपबाहेरही चालतात. पहिलं निपटाऱ्याचं प्रमाण: वर्षात निकाली निघालेली प्रकरणं भागिले नव्याने दाखल झालेली. दुसरं निपटाऱ्याचा काळ: वर्षअखेरची शिल्लक भागिले वर्षातले निकाल, गुणिले 365.

समजा, एका न्यायालयात वर्षभरात 1,200 दावे दाखल झाले, 1,260 निकाली निघाले आणि अखेरीस 2,100 शिल्लक राहिले. पहिलं माप येतं 105 टक्के, दुसरं सुमारे 608 दिवस. 105 म्हणजे साठा कमी होतोय, हे खरं. पण त्या 1,260 पैकी 900 दावे प्रतिवादी हजरच न झाल्याने एकतर्फी सुटले असतील आणि सात-सात वर्षांचे वारसाहक्काचे दावे जागचे हलले नसतील, तरी आकडा 105च दिसणार. उलट, न्यायाधीशांना या आकड्यावर जोखायला लागलात की सोपी प्रकरणं आधी उरकायची सवय लागते, यात नवल ते काय! 608 दिवसांचीही तीच गत. दावा सरासरी इतक्या दिवसांत संपतो, असा त्याचा अर्थ नाही. याच वेगाने काम चाललं तर आजची शिल्लक संपायला किती दिवस लागतील, एवढाच तो अंदाज. प्रसिद्धीपत्रकात मात्र तो बिनदिक्कत ‘सरासरी कालावधी’ म्हणून छापला जातो.

यावर उपाय आहे आणि तो फुकटात होतो: शिल्लक दाव्यांची वयानुसार यादी करा. इटलीत तुरिनच्या न्यायालयाने 2001 मध्ये हेच केलं. दावे दाखल झाल्याच्या वर्षानुसार वेगळे काढले आणि सर्वांत जुने आधी चालवायला घेतले.

न्यायाधीश मोजताना काय मोजलं?

दर लाख लोकसंख्येमागे जर्मनीत 20 हून जास्त व्यावसायिक न्यायाधीश, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये जेमतेम तीनच्या आसपास. मग इंग्लंडची व्यवस्था कित्येक पटींनी कार्यक्षम म्हणायची का? नाही. तिथले बहुतांश फौजदारी खटले मॅजिस्ट्रेट न्यायालयांतच संपतात आणि तिथे बिनपगारी मानद मॅजिस्ट्रेट बसतात. ते व्यावसायिक न्यायाधीशांच्या संख्येत धरलेले नसतात. ऑस्ट्रियात जमिनीची नोंदवही न्यायालयं सांभाळतात, नेदरलँड्समध्ये ते काम वेगळ्या संस्थेकडे आहे. त्यामुळे दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवण्याआधी ‘प्रकरण’ कशाला म्हटलंय, ते तळटिपेत शोधा. तळटीप नसेल तर तुलना सोडून द्या.

क्रमवारीसाठी सुधारणा करणं हे याच चुकीचं धाकटं भावंड. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या अहवालात करार-अंमलबजावणीचं मोजमाप एका कल्पित व्यापारी वादावर आणि बहुतेक देशांत फक्त सर्वांत मोठ्या व्यापारी शहरावर बेतलेलं होतं. आकडेवारीतल्या गैरप्रकारांनंतर 2021 मध्ये तो अहवालच बंद झाला. त्या क्रमांकासाठी एकाच शहरावर खर्च केलेल्यांच्या हाती काय उरलं असेल?

समन्स परदेशातून परत आलं

ही रोजच्या कामातली अडचण. 1965 च्या हेग करारानुसार दिवाणी आणि व्यापारी प्रकरणांतली कागदपत्रं दुसऱ्या सदस्य देशात बजावता येतात. ती परत आली की आपण समोरच्या देशाच्या नावाने बोटं मोडतो. आधी आपलं पाकीट उघडून बघा.

टपालाने पाठवलं होतं का? जर्मनी, चीन यांसारख्या देशांनी टपालाने बजावणी करण्यावर हरकत नोंदवलेली आहे. तिथे केंद्रीय प्राधिकरणाकडेच, म्हणजे या कामासाठी त्या देशाने नेमलेल्या कार्यालयाकडेच, अर्ज करावा लागतो, तोही ठरलेल्या नमुन्यात. भाषांतर जोडलं होतं का? प्राधिकरण ते मागू शकतं, आणि यात तारखांच्या तारखा वाया जातात. पत्ता पक्का होता का? पत्ता माहीत नसेल तर हा करार लागूच होत नाही. प्रकरण फौजदारी असेल तर वाटच वेगळी, तिथे परस्पर कायदेशीर साहाय्याचे करार बघायचे.

सगळं नीट असूनही उत्तर येत नसेल, तर याच कराराचं कलम 15 वाचा. आपल्या देशाने तशी घोषणा केली असेल, तर किमान सहा महिने उलटल्यावर आणि सर्व वाजवी प्रयत्न करूनही बजावणीचं प्रमाणपत्र आलं नसेल तर न्यायाधीश निकाल देऊ शकतो. ही घोषणा केली आहे की नाही, हे हेग परिषदेच्या (हा करार जिच्यात झाला ती आंतरराष्ट्रीय संस्था) संकेतस्थळावरच्या देशनिहाय तक्त्यात दिसतं. दोन मिनिटांचं काम, पण ते राहून जातं आणि पुढची तारीख पडते.

उसनी नियमावली

दुसऱ्याचा मसुदा जसाच्या तसा उचलू नका. न्यायाधीशांच्या आचरणाची बंगळूर तत्त्वं कशी घडली, ते बघा. 2001 चा मसुदा कॉमन लॉ परंपरेतल्या, म्हणजे आधीच्या निकालांना आधार मानणाऱ्या इंग्रजी धाटणीच्या, न्यायाधीशांनी केला होता. दिवाणी संहितेच्या, म्हणजे लिखित संहितेवर चालणाऱ्या, परंपरेतल्या न्यायाधीशांपुढे तो ठेवल्यावर शंका निघाल्या आणि 2002 मध्ये हेगच्या बैठकीत तो सुधारला गेला. उसन्या सॉफ्टवेअरलाही हेच लागू. कारण न लिहिता तहकुबी मिळत असेल, तर ती आता संगणकावर मिळेल, इतकंच.

आणि अभ्यासदौरा. त्यात नेहमी वरिष्ठच जातात. माझं मत विचाराल तर रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लावणारा आणि बजावणीचे अहवाल नोंदवणारा कर्मचारी पाठवावा. तो तिकडच्या कर्मचाऱ्याला थेट विचारेल, ‘पक्षकार आलाच नाही तर तुम्ही नेमकं काय करता?’ परतल्यावर निदान वर्षभर त्याची बदली करू नका.