घरची जिंजर बिअर बिघडते कुठे? या चुका टाळा

घरी बार्लीची बिअर करायची, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याचा प्रश्न येतो. बिअरप्रमाणेच यीस्टच्या, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या, बळावर फसफसणारे, परंतु एक-दोन दिवसांत थांबवल्यास अगदी थोडेच अल्कोहोल असणारे पेय म्हणजे जिंजर बिअर. हे थोडेसे अल्कोहोलही लक्षात घेऊन ती लहान मुलांना देऊ नये. कृती साधी आहे : दोन लिटर पाण्यात 150 ग्रॅम गूळ आणि 75 ग्रॅम किसलेले आले दहा मिनिटे उकळावे, पूर्ण गार झाल्यावर गाळून त्यात दोन लिंबांचा रस व अर्धी वाटी आल्याचे विरजण मिसळावे आणि बाटल्या भराव्यात.

बहुतेकांची गाडी विरजणापाशीच अडते. वाटीभर पाण्यात रोज एक चमचा आल्याचा कीस आणि एक चमचा साखर घातली, की चार-पाच दिवसांत बुडबुडे दिसू लागतात. मात्र त्यासाठी लागणारे यीस्ट आल्याच्या सालीवर असते, त्यामुळे आले सोलणे ही पहिली चूक ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही यीस्टला मारक असते, म्हणून पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. गुळाचा काढा कोमट असताना विरजण घालण्याची घाई करू नये.

कोल्हापुरात गुळाची निवड रंगावरून करण्याची आपली सवय येथे नडते. पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुळात हायड्रोस हे रंग उजळवणारे गंधकयुक्त रसायन वापरलेले असते आणि त्यातून उरणारे गंधकाचे अंश यीस्टचे काम मंदावू शकतात, म्हणून ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, भेंडीच्या चिकाने मळी काढलेला गडद गूळ मला अधिक भरवशाचा वाटतो.

सर्वांत धोकादायक चूक बाटलीची आहे. साधारण चार ग्रॅम साखर आंबली, की सुमारे एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या पेयात लिटरमागे 75 ग्रॅम गूळ असल्याने ते बाहेर विसरले गेल्यास पंधरा लिटरांहून अधिक वायू बाटलीत कोंडू शकतो. गोटी सोड्याची बाटली इतकी जाड असते ती दाबासाठीच. सरबताची किंवा लोणच्याची काच तो दाब सोसत नाही आणि फुटली तर इजा होते. म्हणून सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वर चार बोटे जागा सोडावी आणि ती दर काही तासांनी दाबून पाहावी. थंड प्रदेशांतील कृतींमध्ये सांगितलेले चार-पाच दिवस आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात लागू पडत नाहीत, तेव्हा कधी कधी एका दिवसातच बाटली दगडासारखी घट्ट होते. तशी झाली, की लगेच फ्रीजमध्ये ठेवावी आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकण हळूहळू सैल करावे.

विरजणावर हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसल्यास वरवर काढून न वापरता ते सगळे टाकून द्यावे. बाटली भरून दोन दिवस झाल्यावरही पेयाला फेस नसेल, तर आणखी साखर घालू नये, कारण ती आधीच भरपूर आहे. झाकण घट्ट बसते का ते तपासून दोन चमचे ताजे, बुडबुडे असलेले विरजण घालावे.