प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचा सरकारी खर्च: माहिती अर्ज असा लिहा

कलेक्टर कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, फेरफार, पेन्शनची कामं रोजची. हल्ली कॉलेजची पोरं वेगळंच काढतात: "काकू, आपल्या टॅक्सच्या पैशातून मुक्या जनावरांवर प्रयोग चालतात, जाब विचारायचाय."

विचारा की! पण माहिती अधिकारात जाब मिळत नाही, कागद मिळतो. "हे क्रौर्य कशासाठी?" असं लिहिलंत की "ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही" एवढं उत्तर येतं आणि दहा रुपये पाण्यात.

आधी पैसा कुणाचा ते काढा. छापून आलेल्या शोधनिबंधाच्या शेवटी निधी देणारी संस्था लिहिलेली असते, बहुतेकदा प्रयोगाला परवानगी देणाऱ्या प्राणी नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांकही असतो. ते दोन्ही टिपून घ्या, निम्मं काम झालं. प्रयोग आपल्या विद्यापीठात झाला असला तरी पैसा दिल्लीच्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा डीबीटीचा (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) असू शकतो. म्हणून अर्ज दोन करायचे.

पैसे देणाऱ्याकडे मंजुरीपत्र, वर्षवार दिलेली रक्कम आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला त्याचा जीएफआर १२-ए नमुन्यातला दाखला, मागा. संस्थेकडे फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज), प्राण्यांची नोंदवही आणि प्राणी नैतिकता समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम यांमुळे हे कागद ठेवावेच लागतात. उंदीर-सशांना संस्थेची समिती परवानगी देते. कुत्रा किंवा माकड असेल तर दिल्लीच्या सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती) मंजुरी लागते, तिची प्रत वेगळी मागा.

मी टाइप करून देते ती ओळ अशी: "सन २०२२-२३ ते २०२४-२५ मध्ये प्राण्यांवर प्रयोग झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचे नाव, मंजूर निधी, प्राण्याची जात व संख्या, आणि मान्यता दिलेल्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत. व्यक्तींची नावे कलम १० नुसार झाकून द्यावीत."

शेवटचं वाक्य गाळू नका. शास्त्रज्ञांच्या जिवाला धोका आहे म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(छ) दाखवून अख्खी फाइल नाकारता येते. नावं आपणच सोडली की ती सबब उरत नाही. आणि खरंच, कुणाच्या दारात जाऊन दंगा घालायचा असेल तर माझ्याकडे येऊच नका. मी स्वतः इन्शुलिनवर आहे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच शोधलं. प्रयोगच नकोत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिशेब मात्र मागणार.

राज्याच्या कार्यालयाला जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत मजकूर. केंद्राचा अर्ज ऑनलाइन करा, फी तेवढीच. खाजगी फार्मसी कॉलेज "आम्हाला हा कायदा लागू नाही" म्हणेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका, त्याला अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याकडेच कागद मागा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच धरायचा आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाकायचं. राज्यात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्रात काही नाही. अर्जाची पोच जपा, अपिलाला तीच जोडायची असते.